न खेळताच माझा हात जड

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर परवापासून एक व्हिडिओ फिरतोय. त्यात मी कॅरम बोर्डापुढे दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलोय आणि समोरचा खेळतोय. खेळतोय, खेळतोय आणि खेळतोच आहे. बी विंगमधल्या कुणीतरी खाली विचारलंय, ‘हे पंच आहेत का?’ त्याला भरपूर अंगठे आलेत. त्यातला एक माझ्या बायकोचा आहे.

मी पंच नव्हतो, प्रतिस्पर्धी होतो. समोर होता तो बायकोचा मावसभाऊ. राज्यस्तरावर अजिंक्यपदं मिळवलेला, कॅरमच्याच जोरावर बँकेत चिकटलेला. सत्यनारायणाचं जेवण झाल्यावर त्यानेच विचारलं, “दाजी, टाकू या का एक गेम, फ्रेंडली?” बासुंदीच्या गुंगीत मी हो म्हणालो. पार्श्वभूमी एवढीच. खरा विषय काकांचा आहे.

पहिल्या मजल्यावरच्या या काकांना सगळे पावडरवाले काका म्हणतात. क्लबहाउसची किल्ली सेक्रेटरींकडे असते, पण बोरिक पावडरचा डबा काकांच्या घरी. त्यामुळे सोसायटीत सत्ता कुणाची, याबद्दल कुणाच्याच मनात संभ्रम नाही. वीज मंडळाच्या बिलिंगमधून निवृत्त झालेले. त्यांना स्वतः खेळताना कुणी पाहिलेलं नाही. मणक्यात गॅप आहे म्हणतात. ते पावडर डब्यातून शिंपडत नाहीत. चिमटीत घेतात, डोळे बारीक करतात आणि अंगारा लावावा तशी बोर्डाच्या मधोमध सोडतात. मग तोच हात खेळणाऱ्याच्या खांद्यावर ठेवून मागे उभे राहतात. मी पूजेचा काळा झब्बा घातला होता. व्हिडिओत माझ्या उजव्या खांद्यावर पाच पांढरी बोटं स्पष्ट दिसतात.

पहिला ब्रेक, म्हणजे पहिला फटका, मावसभावाचा होता. त्याने खिशातून कापडी पिशवी काढली, पिशवीतून स्ट्रायकर काढला, शर्टाला पुसला आणि मारला. दोन पांढऱ्या गेल्या.

“हात जड आहे,” काका म्हणाले.

“कुठे? मस्त ब्रेक केला की त्याने.”

“त्याचा नाही. तुझा.”

“काका, मी अजून खेळलोच नाहीये.”

“बसण्यावरून कळतं. खांदा सैल सोड.” खांद्यावर दाब पडला. दुसरा ठसा.

समोर तिसरी पांढरी रिबाउंडने आली आणि माझ्या उजव्या हाताच्या पॉकेटमध्ये पडली.

“सैल सोडून काय करू? पाळी त्याची आहे.”

“तुझी आल्यावर आखडशील ना.”

“येईल का?”

काकांनी बोर्डाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. “बेसलाइनवर स्ट्रायकर ठेवताना तू घाई करतोस,” ते म्हणाले.

मी गप्प बसलो. घाई करायला माझ्याकडे स्ट्रायकर यायला हवा होता.

“आणि ती कोपऱ्यातली काळी तू सोडायला नको होतीस.”

“मी कुठे सोडली? ब्रेकला गेली ती तिथे.”

“तेच म्हणतोय मी. लक्ष हवं.”

तेवढ्यात त्याने राणी घेतली, लगेच कव्हर दिलं आणि उरलेल्या पांढऱ्याही संपवल्या. माझ्या नऊच्या नऊ काळ्या जागच्या जागी. नऊ त्यांचे नि तीन राणीचे, १२-०. पेपरात याला ‘ब्रेक टू फिनिश’ म्हणतात. वाचायला भारी वाटतं. समोर बसलेल्याला त्या वेळात नखं खाण्यापलीकडे काही करता येत नाही, हे कुठल्याच पेपरात छापून येत नाही.

खरं सांगायचं तर बघण्यासारखं होतं. पॉकेटच्या तोंडाशी आलेली सोंगटी तो घेतच नव्हता. ती पडेल तेव्हा पडेल. आधी अडचणीतल्या काढायच्या. एक सोंगटी मारतानाच स्ट्रायकर पुढच्या फटक्यासाठी कुठे थांबणार, हे त्याने ठरवलेलं असायचं. मध्येच अंगठ्याने मारायचा. लहानपणी आमच्या वाड्यात अंगठ्याने मारणं म्हणजे सरळसरळ चीटिंग होतं, त्यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय. आंतरराष्ट्रीय नियमांत अंगठा चालतो. चालत नाही ते खुर्चीवरून बूड उचलणं, म्हणजे आमचं क्लबहाउस बसल्या बसल्या बाद.

दुसरा ब्रेक माझा. क्लबहाउसच्या स्ट्रायकरचा टवका उडालाय, म्हणून त्याने स्वतःचा दिला. नियमाने स्ट्रायकर १५ ग्रॅमच्या वर नसतो. एवढ्याशा वजनाने माणसाची इतकी बेअब्रू होऊ शकते, हे त्या दिवशी कळलं. मी मारला. सोंगट्या छान पांगल्या, पडली एकही नाही. त्या पांगलेल्या बोर्डावर त्याने काळ्या वेचायला सुरुवात केली.

“म्हटलं होतं ना,” काका म्हणाले, “जड.” तिसरा ठसा.

२४-०. गेम २५ गुणांचा.

तिसऱ्या बोर्डाच्या, म्हणजे डावाच्या, सोंगट्या लावताना काकांनी मोर्चा पाहुण्याकडे वळवला. “बाकी काय करता?”

“बँकेत आहे. कॅरम खेळतो.”

“ते दिसलं. पण खेळ कुठला खेळता?”

तो हसला. त्याला सवय असावी. मला मात्र राग आला, आणि त्या दुपारी पहिल्यांदाच तो स्वतःसाठी नव्हता. आपल्याकडे घरोघरी कपाटामागे एक कॅरम बोर्ड उभा असतो, म्हणून घरोघरी एक तज्ज्ञही असतो. क्रिकेटवाल्यालाही लोक शिकवतात म्हणा, पण टीव्हीसमोर बसून. त्याच्या घरी जाऊन नाही. चेन्नईचे मारिया इरुदयम विश्वविजेते झाले, १९९६ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यानंतर कॅरमला अर्जुन मिळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. २०२४ मध्ये चेन्नईच्याच खाझिमा नावाच्या मुलीने अमेरिकेत विश्वचषकात तीन सुवर्णपदकं जिंकली. वडील रिक्षा चालवतात. तमिळनाडू सरकारने तिला एक कोटी दिले. इथे विश्वविजेता झाला तर चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर नगरसेवकाचा फोटो मोठा आणि खेळाडूचा स्ट्रायकरएवढा. बँका नोकऱ्या देतात म्हणून निदान पोरं टिकून आहेत. हे सगळं मी तावातावाने बोललो.

काका शांतपणे म्हणाले, “कॅरमवाल्या सुहास कांबळीला मी पाहिलंय. त्याचा हात बघायला हवा होतास तू. हलका.”

तिसऱ्या बोर्डात जे झालं ते मला सगळ्यात जास्त लागलं. चार पांढऱ्या झाल्यावर, अगदी पॉकेटच्या तोंडावरची, माझ्या आईनेसुद्धा घातली असती अशी सोंगटी त्याने हुकवली. हुकवली म्हणजे काय, चक्क बाजूने स्ट्रायकर नेला आणि वर “च्च” केलं. नातेवाइकांत असं “च्च” फक्त लग्नात पाकीट हलकं निघाल्यावर ऐकू येतं.

माझी पाळी आली. क्लबहाउसमध्ये शांतता. पूजेला आलेल्या दोन मावश्याही वळून बघायला लागल्या. मी कट मारला, काळी गेली, आणि तिच्या पाठोपाठ स्ट्रायकरही गेला. गेलेली परत बाहेर, शिवाय दंडाची आणखी एक. ती द्यायला माझ्याकडे सोंगटीच नव्हती, म्हणून उधारी. नियमाने पाळी माझीच राहिली. ती मी पुढच्याच फटक्यात परत केली.

“सुधारणा आहे,” काका म्हणाले. मग पाहुण्याकडे वळून, “सकाळपासून सांगतोय त्याला, खांदा सोड, खांदा सोड. आत्ता ऐकलं, तर लगेच फरक पडला. तुम्हालाही चुकायला लावलं ना त्याने?”

“हो ना, प्रेशर आलं,” तो म्हणाला आणि पुढच्या पाच पांढऱ्या घेऊन मोकळा झाला. जाताना चहाच्या कपावर म्हणाला, “दाजी, तुमचा पेशन्स चांगला आहे हं.” याला काय उत्तर देतात?

झब्बा दोनदा धुतला. पावडर निघाली, बायकोचं हसू अजून निघालं नाही.

काकांनी आता मला हातात घ्यायचं ठरवलंय. दिवाळीच्या स्पर्धेपर्यंत रोज संध्याकाळी सात वाजता, पावडर त्यांची. पहिल्या दिवशी मी ऑफिसचा कॉल असल्याचं सांगितलं, तर ते दारात बसून राहिले. काल म्हटलं, क्लबहाउसची ट्यूब गेलीय. त्याची मी सकाळीच सोय केली होती.

सातला बेल वाजली. काका दारात उभे. एका हातात डबा, दुसऱ्यात टॉर्च.

“वीज मंडळात तीस वर्षं काढलीत मी,” ते म्हणाले. “चल. खांदा सैल.”