डोझरच्या क्लचमध्ये पेट्रोल ओतण्यापूर्वी : एका व्हिडिओला उत्तर

दिवाळीनंतरच्या आठवड्यात खानापूरहून भाच्याचा फोन आला. त्याचा पहिलाच प्रश्न होता, "मामा, पाच लिटर पेट्रोल पुरेल का दहा आणू?" त्याचा जुना डोझर पावसाळाभर उघड्यावर उभा होता. शेत सपाट करण्याच्या कामावर न्यायला म्हणून तो बाहेर काढला, तेव्हा डावी लिव्हर कितीही ओढली तरी मशीन सरळच जात राहिले. त्याच दिवशी कोणीतरी त्याला एक व्हिडिओ पाठवला होता आणि त्यात सांगितल्याप्रमाणे स्टिअरिंग क्लचच्या हाऊसिंगमध्ये पेट्रोल ओतण्याची त्याची तयारी झाली होती. त्यानंतर तोच व्हिडिओ मला निपाणीच्या एका ठेकेदाराकडून आला, चंदगडच्या एका नातेवाइकाकडूनही आला, आणि दोघांनीही खाली "उपयोगी माहिती, पुढे पाठवा" असे लिहिले होते. त्यामुळे हे उत्तर लिहिणे भाग पडले.

ज्यांनी व्हिडिओ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी त्यातील दावे असे. डोझर एका बाजूला वळत नसेल तर त्या बाजूच्या क्लचप्लेटी संपलेल्या असतात. प्लेटी चिकटल्या असतील तर हाऊसिंगमध्ये पेट्रोल ओतून मशीन चालवावे, त्या आपोआप सुटतात. क्लच घसरत असेल तर लिव्हरचा सैलपणा पूर्ण काढून टाकावा. उतारावर मशीन उलट्या बाजूला वळत असेल तर लिव्हरचे दांडे चुकीचे जोडलेले आहेत असे समजून त्यांची अदलाबदल करावी. आणि हे सर्व कोणत्याही कंपनीच्या कोणत्याही डोझरला लागू असून दोन तासांत घरच्या घरी होते.

या पाच दाव्यांत एक अर्धसत्य आहे. ते मी पुढे मान्य करणार आहे, पण आधी मूळ गोष्ट स्पष्ट करतो, कारण ती समजली की निम्मा व्हिडिओ आपोआप निकाली निघतो. या प्रकारच्या जुन्या डोझरला ट्रकसारखे डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची रचना) नसते. मधला बेव्हल गिअर दोन्ही बाजूंचे शाफ्ट एकाच गतीने फिरवतो, आणि प्रत्येक बाजूला बेव्हल गिअर व फायनल ड्राइव्ह (चेनला फिरवणारे शेवटचे गिअर) यांच्यामध्ये एक क्लच असतो. लोखंडी प्लेट आणि अस्तराची प्लेट अशा आळीपाळीने रचलेल्या गठ्ठ्याला स्प्रिंगा सतत दाबून धरतात, म्हणजे हात न लावता क्लच जोडलेला असतो. लिव्हर ओढली की स्प्रिंगांचा दाब उचलला जातो, त्या बाजूच्या चेनची, म्हणजे मशीन ज्यावर चालते त्या लोखंडी पट्ट्याची, ताकद तुटते, आणि मग ब्रेकचा पट्टा ड्रमला (क्लचच्या गठ्ठ्याभोवतीच्या, चेनच्या बाजूला जोडलेल्या डब्याला) धरला की मशीन त्या बाजूला वळते.

यावरून पहिल्या दाव्याची किंमत कळते. झिजलेल्या प्लेटी दाब धरू शकत नाहीत, म्हणजे क्लच घसरतो. ब्लेडपुढे मातीचा भार आला की एक चेन थांबते, दुसरी चालत राहते आणि डोझर थांबलेल्या चेनच्या बाजूला आपोआप फिरतो. लिव्हर ओढूनही मशीन वळत नाही हा याच्या बरोबर उलट दोष आहे, कारण तेथे क्लच सुटतच नसतो. घसरणारा क्लच आणि न सुटणारा क्लच यांना एकच रोग म्हणणे म्हणजे जुलाब आणि बद्धकोष्ठ यांना एकच औषध देणे होय. त्यातही लिव्हर ओढल्यावर मशीन थोडेसे वळते पण जागेवर फिरत नाही, असे असेल तर क्लच बिचारा निर्दोष असतो आणि ब्रेकचा पट्टा सैल झालेला किंवा तेलकट झालेला असतो. सपाट जागेवर, पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय न लावता फक्त लिव्हर ओढून पाहणे, आणि नंतर ब्रेकसह ओढून पाहणे, एवढ्या दोन चाचण्यांना पाच मिनिटे लागतात. व्हिडिओत त्यांचा उल्लेखही नाही.

आता उताराचा दावा, कारण इतका विचित्र सल्ला मी आजवर ऐकलेला नाही. जांबोटीकडच्या उतारांवर काम केलेल्या कोणत्याही ऑपरेटरला ही गोष्ट ठाऊक असते. आमच्या जुन्या कामावरचा एक ऑपरेटर नव्या पोरांना पहिल्याच दिवशी कन्नडमध्ये बजावत असे, "एडक्क एळद्र बलक्क होगतैति", म्हणजे डावीकडे ओढशील तर उजवीकडे जाईल. यात यंत्राचा दोष काहीही नाही. तीव्र उतारावर, ब्लेडपुढे माती नसताना, मशीन स्वतःच्या वजनाने खाली येत असते. तेव्हा इंजिन चेनला ओढत नाही, उलट चेन इंजिनाला फिरवते आणि इंजिन तिला मागे धरून ठेवते. अशा वेळी डावी लिव्हर हलकी ओढून डावा क्लच सोडला की डाव्या चेनवरची ती रोखच निघून जाते, ती चेन मोकळी धावते, उजवी मात्र इंजिनाने धरलेली असते, आणि मशीन उजवीकडे वळते. म्हणूनच उतारावर एक तर विरुद्ध बाजूची लिव्हर वापरतात, किंवा क्लचबरोबर त्याच बाजूचा ब्रेक लगेच आणि पक्का धरतात. ब्लेडपुढे भरपूर माती ढकलत खाली येत असाल आणि इंजिनावर भार असेल, तर वळण नेहमीसारखेच राहते.

आता व्हिडिओवाल्याचे ऐकून एखाद्याने दांडे खरोखरच अदलाबदल केले तर काय होईल याची कल्पना करावी. ते मशीन उतारावर कदाचित "बरोबर" वळेल, पण सपाटीवर डावी लिव्हर ओढली की उजवीकडे जाईल, आणि ब्रेकची पायडले तर जागच्या जागीच राहिलेली असतील. म्हणजे डाव्या हाताने उजवा क्लच सुटणार आणि डाव्या पायाने डावा ब्रेक लागणार. अशा मशीनवर बांधाच्या कडेला किंवा विहिरीजवळ काम करणाऱ्या माणसाने सवयीप्रमाणे एकदा लिव्हर ओढली की पुरे. हा सल्ला देणाऱ्याने डोझर उतारावर एकदाही चालवलेला नाही, हे मी पैज लावून सांगतो.

पेट्रोलच्या दाव्यात मात्र विचित्रपणापेक्षा धोका अधिक आहे, आणि अर्धसत्यही याच ठिकाणी आहे. कोरड्या क्लचच्या जुन्या मशीनमध्ये सील गळून तेल आत आले तर क्लच धुण्याची पद्धत होती, हे मला मान्य केलेच पाहिजे. १९४७ ते १९५९ या काळात बनलेल्या कॅटरपिलरच्या डी-४ आणि डी-६ यांचे स्टिअरिंग क्लच कोरडे होते, आणि त्या पिढीच्या मशीनच्या चालक-पुस्तिकांत धुण्याची रीत दिलेली असे : खालचे प्लग लावायचे, वरून धुण्याचे द्रावण ठरलेल्या मापाने ओतायचे, मशीन काही वेळ मागेपुढे चालवायचे, आधी क्लच जोडून आणि मग लिव्हर ओढून, आणि शेवटी सर्व द्रावण काढून टाकून आतला भाग सुकू द्यायचा. आमच्या पिढीच्या मिस्त्र्यांनी ही पुस्तिका अक्षरशः पाठ केलेली होती. पण ती रीत तेलाने घसरणाऱ्या क्लचसाठी होती. गंजाने चिकटलेल्या प्लेटींशी तिचा संबंध नाही. पेट्रोल तेल धुते. गंज सोडवण्याचा गुण त्याच्यात नाही.

आणि ते पेट्रोल असावे, असे कोणी शहाण्या माणसाने सांगितलेले मला आठवत नाही. पेट्रोलची वाफ शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सियसलाही ठिणगीने पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडच्या कोणत्याही ऋतूत ती पेटायला तयारच असते. शिवाय ती हवेपेक्षा जड असल्यामुळे बंद हाऊसिंगच्या तळाशी साचून राहते. त्याच हाऊसिंगमध्ये लोखंडी प्लेटी अस्तराच्या प्लेटींवर घासत असतात, ड्रमवर ब्रेकचा पट्टा तापलेला असतो, आणि कित्येक मशीनमध्ये बॅटरी सीटखाली तर डिझेलची टाकी सीटच्या पाठीमागे असते. ज्या झाकणातून पेट्रोल ओतायचे ते झाकणही सीटच्याच खाली असते. ऑपरेटरला नेमके कशावर बसवायचे आहे, याचा विचार व्हिडिओवाल्याने केलेला दिसत नाही. "मग रॉकेल चालेल का?" असे भाच्याने विचारले. रॉकेलची वाफ ज्या तापमानाला ठिणगीने पेट घेऊ शकते, त्याची भारतीय मानकातली किमान मर्यादा ३५ अंश सेल्सियस आहे. काम करून तापलेले हाऊसिंग त्याच्या कितीतरी वर असते. धुवायचेच असेल तर पुस्तिकेत सांगितलेले द्रावण घ्यावे, मशीन पूर्ण थंड असावे, बॅटरीची तार काढलेली असावी आणि धुतल्यानंतर आत वाफ राहणार नाही इतका वेळ द्यावा. एवढे करूनही सील बदलले नाही तर महिन्याभरात पुन्हा तेच तेल आत येणार.

गंजाने चिकटलेल्या क्लचचे कारण आपल्याकडे फार साधे असते. खानापूर तालुक्यात चार महिने पाऊस थांबत नाही, आणि कोरड्या क्लचचे मशीन उघड्यावर उभे राहिले की ओलावा आत शिरतो, लोखंडी प्लेटी गंजतात आणि शेजारच्या अस्तरांना धरून बसतात. भाच्याच्या मशीनखाली जाऊन डाव्या हाऊसिंगचा प्लग काढला तेव्हा चहाच्या रंगाचे चार-सहा थेंब पाणी आले. तेलाचा मागमूस नव्हता. तेथेच पेट्रोलचा प्रश्न संपला. पण त्याआधी दांड्यांकडे पाहिले, आणि हे प्रत्येकाने आधी पाहावे : लिव्हरच्या खालच्या जोडातली पिन झिजून तिचे भोक अंडाकार झाले होते, त्यामुळे लिव्हरची निम्मी ओढ वायाच जात होती. पिन बदलली, सैलपणा पुस्तिकेतल्या मापाला आणला, तरीही मशीन वळेना, तेव्हा प्लेटीच चिकटल्या आहेत हे नक्की झाले.

अशा वेळी मशीन मोकळ्या जागेत नेऊन अर्धा तास चालवून गरम करावे, मग लिव्हर मागे बांधून ठेवावी, पहिल्या गिअरमध्ये हळू पुढे जावे आणि त्या बाजूचा ब्रेक एकदम दाबावा. नंतर तेच मागे जाताना करावे. आजूबाजूला माणूस नसावा, कारण सुटला की डोझर झटक्यात फिरतो. आमचा सहाव्या प्रयत्नाला खाडकन आवाज करून सुटला. दहा-बारा वेळा करूनही सुटला नाही तर थांबावे, जोर वाढवत गेल्यास ड्रमचे दात तुटतात.

लिव्हरचा सैलपणा पूर्ण काढून टाकण्याबद्दल थोडक्यात सांगतो. अस्तर झिजत जाते तसा लिव्हरचा मोकळा खेळ कमी होत जातो, आणि तो शून्य झाला की रिलीज बेअरिंग (लिव्हर ओढल्यावर स्प्रिंगांचा दाब उचलणारे बेअरिंग) सतत दाबाखाली राहते, स्प्रिंगांचा काही दाब ते स्वतःवर घेते आणि क्लच अधिकच घसरतो. म्हणजे घसरणाऱ्या क्लचवर हा उपाय केला की आधी बेअरिंग जळते आणि मग उरलेल्या प्लेटी. खेळ पुस्तिकेतल्या मापाएवढा असलाच पाहिजे. माप मिळत नसेल तर त्याच मॉडेलवर काम केलेल्या फिटरला विचारावे.

"कोणत्याही कंपनीचे मशीन" या शब्दांवर फार शाई खर्च करण्याची गरज नाही. नंतरच्या पिढीच्या बहुतेक डोझरमध्ये, आणि बीईएमएल या भारतीय कंपनीच्या अनेक मशीनमध्येही, क्लच तेलात बुडालेले असतात आणि कित्येकांना हायड्रॉलिकची जोड असते. तेथे घसरण्याचे किंवा न सुटण्याचे कारण तुंबलेला फिल्टर, कमी पडलेला दाब किंवा चुकीचे तेल हे असू शकते. अशा हाऊसिंगमध्ये पेट्रोल ओतले तर तेल पातळ होऊन प्लेटींबरोबर बेअरिंगेही जातील. उलट, कोरड्या हाऊसिंगमध्ये कोणी प्रेमाने गिअर ऑइल भरले तर मशीन चढावर जागचे हलणार नाही. आपले मशीन कोणत्या जातीचे आहे हे माहीत नसेल, तर कुठलेही झाकण उघडू नये.

दोन तासांत घरच्या घरी, हा दावा ज्याने केला त्याने गठ्ठा स्वतः उघडलेला नाही. सीट, टाकी, वरचे झाकण आणि ब्रेकचा पट्टा काढून, चेन ब्लॉकने क्लच वर घेईपर्यंतच दोन माणसांचा दिवस जातो. पुढे गठ्ठा सोडताना स्प्रिंगा दाबलेल्या असतात हे विसरून नुसते नट सोडले, तर प्रेशर प्लेट (स्प्रिंगांचा दाब गठ्ठ्यावर देणारी प्लेट) तोंडावर येते. लांब बोल्ट लावून दाब सगळीकडून सारखा उतरवावा लागतो. प्लेटी बाहेर आल्यावर अस्तराची जाडी सगळेच पाहतात, पण ड्रमच्या दातांवर बोट फिरवून पाहणारे थोडे. त्या दातांवर प्लेटींनी खाचा पाडलेल्या असतात आणि प्लेट खाचेत अडकली की नवे अस्तर लावूनही क्लच पुरता सुटत नाही.

भाच्याच्या मशीनचे तसेच निघाले. सुटल्यानंतरही डावा क्लच पुरता न सुटता चेनला थोडा ओढत राहिला, म्हणून शेवटी तो उघडला, तर ड्रमच्या दातांवर नखाने जाणवतील अशा पायऱ्या पडलेल्या होत्या. ड्रम आता बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये दात साफ करून घेण्यासाठी पडला आहे, लोखंडी प्लेटींपैकी ज्या वाकल्या नव्हत्या त्या घासून परत वापरायच्या ठरल्या आहेत, आणि हाऊसिंग उघडेच आहे तर दोन्ही बाजूंची ऑइल सीलही बदलून घ्यायची आहेत. पेट्रोलचा कॅन मी त्याला मोटारसायकलमध्ये रिकामा करायला लावला.