पी ढबाक आणि पोटातले जंतू

भावा, लिव्हरची काळजी सोड. आषाढात कोल्हापुरात पंचगंगेचं नवं पाणी त्र्यंबोली देवीला निघालं की गल्लीत वाजंत्रीचं 'पी ढबाक' वाजतं. त्यातला पहिलाच शब्द तू मनावर घेतलास, ह्यात तुझा काय दोष? रिपोर्टात एसजीओटी एसजीपीटीच्या दुप्पट आलंय (ही यकृताची एन्झाइम्स, यकृताला इजा झाली की रक्तात वाढतात) म्हणून घरचे रडत बसलेत. रडू देत. तू मेडिकलमधनं प्रोबायोटिकचं, म्हणजे चांगल्या जिवंत जंतूंचं, पाकीट आण.

ह्यामागं शास्त्र आहे, थट्टा नव्हे. दारूनं आतड्याचं अस्तर सैल पडतं, तिथल्या जंतूंचं विष पोर्टल शिरेतनं थेट यकृतात उतरतं आणि यकृत सुजतं. मग आतड्यात चांगले जंतू पेरायचे. वरून तू ओतत राहायचं, खाली त्यांनी बांध घालायचा. महापुरात पंचगंगेला चहाची गाळणी लावायची, एवढंच काम.

कुणी पुरावा मागितला तर रशियातला अभ्यास सांग. 2008 साली छापून आलाय. 66 पुरुष, जंतू दिलेल्यांना पाच दिवस बायफिडोबॅक्टेरियम आणि लॅक्टोबॅसिलस, आणि त्यांची एन्झाइम्स नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त उतरली. इथंच थांब. पुढं वाचलंस तर घोटाळा होतो: ती माणसं दवाखान्यात भरती होती आणि दारू सगळ्यांचीच बंद होती. जंतू मिळाले त्यांचीही, नाही मिळाले त्यांचीही. ही ओळ बोटानं झाकून धर आणि मगच मित्रांना दाखव.

चंदीगडचाही एक अभ्यास आहे, 2014 चा. सहा महिने जंतूंची पावडर घेतलेल्यांना दवाखान्यात कमी वेळा भरती व्हावं लागलं. पण ते सगळे सिरॉसिसचे, म्हणजे यकृत व्रण पडून निबर झालेले, रुग्ण होते. तिथवर पोचायला तुला अजून थोडी मेहनत घ्यावी लागेल.

पाकीट महाग वाटतंय? मग तांबड्या रश्श्याबरोबर दही-कांदा येतोच की. चार वाट्या ओढ, चार पेग माफ. त्या दह्यात कुठला जंतू आणि किती, हे गंगावेशीतल्या म्हशीलाही सांगता येणार नाही, पण श्रद्धा पाहिजे. (श्रद्धेचं एन्झाइम अजून कुठल्या लॅबमध्ये मोजत नाहीत.)

नुसती चरबी साठलेलं यकृत दारू सोडली की बहुतेकदा काही आठवड्यांत पूर्ववत होतं म्हणे. असेल. पण त्याचं पाकीट मिळत नाही, चकचकीत डबी नाही, आणि बसायला जोडीदारही मिळत नाही. असलं औषध कोण घेणार?

आता डॉक्टर नेहमीप्रमाणं विचारतील, "रोज किती घेता?" मान खाली घालायची नाही. सरळ सांगायचं, "दोन. सकाळी एक, रात्री एक." कॅप्सूलचंच तर बोलतोयस.