"आज गोळी घेतली नाहीस वाटतं?"

चौथीतल्या मुलाला त्याच्या बाईंनी आज भर वर्गात हे विचारलं. माझ्या मुलाला. त्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही; गोळी त्याचीच. त्याने घरी येऊन चकार शब्द काढला नाही. त्याच्या मित्राच्या आईने फोन केला, 'तुला माहीत असावं म्हणून सांगते गं' असं म्हणत. म्हणजे सगळ्या वर्गाला कळलं, आणि रात्रीपर्यंत पालकांच्या ग्रुपलाही कळेल.

आणि गोळी घेतली होती हो! नाश्ता झाल्यावर मीच दिली होती. तो चिडला कारण मागच्या बाकावरच्या पोराने त्याची कंपासपेटी खिडकीबाहेर भिरकावली. कोण चिडणार नाही? पण आमच्याकडे आता साधं चिडायचीही सोय राहिली नाही. रडला तर गोळी राहिली, गप्प बसला तर गोळी जास्त झाली.

गेल्या वर्षी ह्याच शाळेने मला बोलावून सांगितलं होतं, 'डॉक्टरांना दाखवा, औषध सुरू करा, आम्हाला आवरत नाही.' घरचं टोक वेगळंच. सासूबाई म्हणतात, ह्याचे बाबा लहानपणी असेच होते, कुठे गोळ्या दिल्या? दीर म्हणतात, मोबाइल काढून घ्या. शाळेला औषध हवं, घराला नको, आणि मुलाला काय हवंय हे कुणी विचारत नाही.

ते औषध मिळवणंही सोपं नाही. त्याच्या गोळीतलं मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक बंधनं असलेल्या औषधांच्या यादीत येतं. डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. विकायला परवानाही वेगळा, त्यामुळे बरेच केमिस्ट ते ठेवतच नाहीत. डोंबिवलीहून लोकलने ठाण्याला जायचं आणि काउंटरवरच्या पोराने नखशिखान्त न्याहाळेपर्यंत उभं राहायचं. मान्य, गैरवापर होतो, नियम हवेतच. पण तो कटाक्ष नियमात नाही.

गोळीने फरक पडला का? पडला. धड्याचं एक अख्खं पान न उठता वाचलं त्याने, मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. भूक मात्र मरते. डबा तसाच परत येतो आणि संध्याकाळी औषध उतरलं की पोळी, भात, चिवडा, दिसेल ते. डॉक्टर दर खेपेला वजन-उंची बघतात. हे सगळं आम्ही निभावतो.

पण गोळीने भागाकार येत नाही! गोळी त्याला बाकावर बसवते. बसल्यावर त्याला त्याच्या पद्धतीने, तुकड्या-तुकड्याने, मध्ये जरा उठू देऊन शिकवायचं कुणी? विशेष शिक्षक मागितला तर शाळा म्हणते, शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त त्याच्याजवळ बसणारा शिक्षक, तुम्ही आणा, पगार तुम्ही द्या. परीक्षेत थोडा जास्त वेळ मागितला तर म्हणते, प्रमाणपत्र आणा. आणि 2016 च्या दिव्यांग कायद्यात जे 21 प्रकार आहेत, त्यांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी नाही. सोबत डिस्लेक्सियासारखं काही निघालं तर ते प्रमाणपत्र मिळणार. म्हणजे मी देवाकडे काय मागायचं, माझ्या मुलाला अजून एक काहीतरी निघू दे?

बाईंच्या वर्गात साठ मुलं आहेत आणि वर निवडणुकीची कामं, हे मला कळतं. बाई वाईट नाहीत. गॅदरिंगला त्याला मुद्दाम पहिल्या रांगेत उभं केलं होतं त्यांनीच. त्यांना कुणी हे शिकवलंच नसेल. म्हणून पाच मिनिटं राग जातो, आणि मग पुन्हा ते वाक्य कानात येतं. साठ मुलांसमोर! तुमच्या बीपीच्या गोळीबद्दल शिक्षकांच्या खोलीत कुणी असं ओरडून विचारलं तर चालेल का, बाई?

उद्या मुख्याध्यापकांकडे जाते आहे. त्याच्या औषधाबद्दल जे बोलायचं ते माझ्याशी, एकांतात, हे लेखी घेऊनच उठणार. आणि कल्याण-डोंबिवलीत स्वतःचा विशेष शिक्षक नेमलेली राज्य मंडळाची शाळा कुणाला ठाऊक असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. ब्राह्मीचं सिरप सुचवू नका. दोन बाटल्या आहेत घरात, दोन्ही सासूबाईंनीच आणलेल्या.