ब्यॉर्नडालेनला पदकांच्या तराजूत तोलू नका

"खेळाडू म्हणून महान, पण कोच म्हणून फेल." ओले आयनार ब्यॉर्नडालेनबद्दल हे वाक्य ऐकलं की मला मनापासून राग येतो. पुरावा काय, तर २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याच्या चिनी संघाला बायथलॉनचं, म्हणजे स्कीइंग आणि रायफल नेमबाजी एकत्र असलेल्या खेळाचं, एकही पदक मिळालं नाही.

हा माणूस कोण आहे? नॉर्वेचा. ऑलिंपिकची ८ सुवर्णपदकं. २००२मध्ये सॉल्ट लेक सिटीत पुरुषांच्या चार शर्यती होत्या, चारही यानेच मारल्या. २०१४मध्ये सोचीत, चाळिशी गाठल्यावर, एक नेम चुकला, दंडाची १५० मीटरची फेरी मारावी लागली, तरी स्प्रिंट ही छोट्या अंतराची शर्यत १.३ सेकंदाने जिंकली! २०१८मध्ये प्योंगचांगला मात्र नॉर्वेने त्याला संघात घेतलं नाही. तरी गडी तिथे गेला, बेलारूसकडून खेळणाऱ्या बायकोच्या, दार्या दोम्राचेवाच्या मदतीला. त्या वेळी तिने रिलेचं सुवर्ण जिंकलं, तिचं चौथं. पुढे २०१९च्या सप्टेंबरपासून दोघंही चीनचे प्रशिक्षक झाले.

म्हणजे हाताशी जेमतेम अडीच वर्षं. त्यातही करोनामुळे चीनचा संघ २०२०-२१चा अख्खा वर्ल्ड कप हंगाम खेळलाच नाही. सरावात कितीही गोळ्या झाडा, शेजारच्या मॅटवर जगातला अव्वल नेमबाज पडलेला असताना हात कसा राहतो, ते शर्यतीतच कळतं.

या खेळात कोचच्या हातात असतं तरी किती? शर्यतीआधी तो दुर्बिणीला डोळा लावून गोळी कुठे लागली ते बघतो, वाऱ्याची निशाणं बघतो आणि रायफलवरची नेम धरायची साइट किती क्लिक फिरवायची ते सांगतो. शर्यत सुरू झाली की खेळाडू धापा टाकत येतो, छाती धडधडत असते, समोर ५० मीटरवर पाच काळी वर्तुळं. झोपून मारायचं तर प्रत्येक फक्त ४५ मिलिमीटरचं. श्वास कुठे रोखायचा, वारा पडेपर्यंत थांबायचं की आत्ताच ट्रिगर दाबायचा, हे त्या क्षणी खेळाडूलाच ठरवावं लागतं. ती समज अंगात मुरायला वर्षानुवर्षं जातात. खुद्द ब्यॉर्नडालेनचं पहिलं ऑलिंपिक १९९४चं, आणि पहिलं सुवर्ण १९९८चं.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. आजारी पडू नये म्हणून हस्तांदोलन टाळणारा, हॉटेलच्या खोलीत स्वतःचा व्हॅक्यूम क्लीनर नेणारा हा माणूस. एवढी शिस्त स्वतःला लावणं वेगळं आणि दुसऱ्याच्या गळी उतरवणं वेगळं. मोठ्या खेळाडूंची कोच म्हणून खरी परीक्षा तिथेच होते, आणि त्यात तो कुठे कमी पडला असेल तर त्यावर जरूर बोला. पण ते बोलायला त्याचा सराव बघावा लागेल, पदकतक्ता बघून भागणार नाही.

माझं मत विचाराल तर अशा माणसाकडे ऑलिंपिकच्या तोंडावरचा तयार संघ देऊच नये. पंधरा-सोळा वर्षांची पोरं द्यावीत, आठ वर्षं द्यावीत, आणि तोवर कुणी पदकांचा हिशोब मागू नये.