सगळे लोकल होऊन राहतायत, मग आम्ही कुठं राहायचं?

गणपती गेले आणि मालवणातल्या आमच्या भाड्याच्या घरात परत खोके आले. वाण्याकडून मागून आणलेले, एकावर बिस्किटाचं नाव, एकावर साबणाचं. कुठल्या खोक्यात काय भरायचं हे आता माझ्या मुलीला सांगावं लागत नाही. चौथीतली पोर आहे आणि दोन वर्षांत तिसरं घर सोडतेय.

मालकानं अनंत चतुर्दशीपर्यंत तोंड उघडलं नाही, तेवढी सभ्यता मान्य. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. "भावा, दसऱ्याआधी खोली रिकामी करून दी. पावण्यांचो सीझन चालू होतलो." जूनमध्ये घर देताना हेच आबा म्हणाले होते, किती वर्षं राहायचं तितकी राहा. मी म्हटलं, आबा, अकरा महिने ठरलेले. तर म्हणे, "कागद खंय आसा?"

कागद खंय आसा! जूनमध्ये मी कागदाचं नाव काढलं तेव्हा हेच म्हणाले होते, "अॅग्रीमेंट कित्याक? माणसाच्या शब्दाक काय किंमत आसा का नाय?" मी पतसंस्थेत नोकरी करतो. दिवसभर लोकांच्या सह्या घेतो, जामीनदार बघतो, आणि स्वतःच्या डोक्यावरच्या छपराची वेळ आली तेव्हा शब्दावर गेलो. हा मूर्खपणा माझाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. त्याचं कलम ५५ मला पाठ आहे. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते धरायचं, असंही त्यात आहे. छान आहे कलम. पण आबांची मुलगी माझ्या चुलतभावाला दिलेली. आता घाला केस.

स्वतःचं घर नाही का, असं विचारणाऱ्यांसाठी आधीच सांगतो. आहे. आचऱ्याकडं आमचं जांभ्या चिऱ्याचं घर आहे, पुढं खळं, मागं माडाची बाग. सातबारा उघडलात तर सतरा नावं, त्यातली पाच वारलेल्यांची. सामाईक! हा एक शब्द कोकणात जन्मलेल्याला पुरेसा आहे. माजघराचं छप्पर तीन पावसाळ्यांपूर्वी बसलं. एकानं कौलं घालायची म्हटली तर दुसऱ्याला वाटतं हा घर गिळायला निघाला. त्यामुळं कौलं कुणीच घालत नाही आणि घर सगळ्यांचं राहतं. असो, तो वेगळा शिमगा आहे.

तर मी मालवणातला. शाळा इथली, नोकरी इथली, वाणी इथला. बायको, मुलगी, आई, मी. दोन खोल्या, एक मोरी, पाणी दिवसातून एकदा आलं तरी चालेल. धुरीवाडा, मेढा, वायरी, दांडी, सगळीकडं विचारून झालं. चिवल्याच्या बाजूला तर विचारायचीही सोय नाही. सगळीकडं तीच दोन उत्तरं. एक, "आम्ही डेलीन देतो," म्हणजे दिवसाच्या भाड्यानं, पावण्यांना. दोन, "जून ते सप्टेंबर घ्या." म्हणजे पावसाच्या चार महिन्यांत. जेव्हा भिंतींना ओल येते, बुरशी चढते, किल्ल्याच्या होड्या बंद, स्कूबा बंद, समुद्राकडं कुत्रं फिरकत नाही, तेव्हा घर जागतं ठेवायला, खिडक्या उघडायला, कौलातनं गळतं तिथं बादली ठेवायला आम्ही. वर त्याचं भाडंही आम्हीच द्यायचं. ऊन पडलं, वाळू सुकली की उठा.

हिशोब मलाही कळतो. मी महिन्याला सात हजार देतो. सीझनला पावणा एका रात्रीचे चार हजार देतो. दोन रात्रींत माझा महिना वसूल, वर हजार सुटे. आबांचा मुलगा मुंबईत, दुसरा घरी बसून. आंब्याच्या कलमांचा काही भरवसा नाही. त्यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हा प्रश्न मी स्वतःला मुद्दाम विचारत नाही.

पण आबांसारखे निदान इथं राहतात. आमच्या गल्लीच्या टोकाला एक बिल्डिंग झालीय, आठ फ्लॅट. पाचांचे मालक मी कधी पाहिलेच नाहीत. पाचही किल्ल्या एका पोराकडं, तो स्कूटरवरनं येतो, चादरी बदलतो, जातो. पावणे किल्ली चपलांच्या कपाटातनं घेतात. भाड्यानं घर मागायला गेलो तर माझ्याकडं आधार, पोलिसांचा दाखला, दोन ओळखीची माणसं मागितली. जन्म गेला इथं आणि ओळखीची माणसं दाखवा! आणि पावण्यानं आधार कार्डाचा फोटो पाठवला की दार उघडलं.

आता अशा घरांची जाहिरात करतात ती. 'मालवणात लोकलसारखे राहा.' हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा लिहिलं त्याला आमच्या खळ्यात एप्रिलच्या दुपारी अनवाणी उभा करायला पाहिजे.

लोकलसारखं म्हणजे कसं? मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो तेव्हा चार जणांनी दोन बादल्यांत आंघोळ उरकणं, हे लोकल. १ जून ते ३१ जुलै यंत्राच्या होड्यांची मासेमारी बंद, तेव्हा सुका बांगडा नाहीतर नुसती पिठी आणि भात, हे लोकल. बाकी वर्षभर सुरमई, पापलेट हॉटेलवाल्यांच्या गाडीत जाताना बघायचं आणि पेडवे घेऊन घरी यायचं, हे लोकल. रापण, म्हणजे किनाऱ्यावरनं ओढायचं मोठं जाळं, ते ओढायला पहाटे दोराला हात लावला तर वाट्याला थोडी मासळी येते, ही जुनी रीत. परवा दांडीला बघतो तर दोराला चार पावणे लटकलेले, पाचवा मोबाइल धरून उभा. ओढतंय कोण? म्हातारे रापणकार. पावण्यांचं वजन वर!

मला एकानं विचारलं, "काका, तुम्ही लोकल ना? लोकल लोक नक्की जेवतात कुठं?" मी म्हटलं, घरी. तो हसला. त्याला वाटलं मी जोक केला.

आधीच्या घरात आम्ही मागच्या दोन खोल्यांत होतो, पुढच्या खोल्या पावण्यांच्या. आई अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती. एक बाई गाडीतनं उतरल्या त्या थेट तिच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि "आजी, वर बघा, हसा ना." आई हसली. सवयीनं. दुसऱ्या दिवशी तीच बाई तक्रार घेऊन मालकाकडं, की अंगणात आंबट वास येतो आणि माश्या बसतात. मालकानं आईला सोलं मागं घ्यायला लावली. मागं ऊन नाही. त्या वर्षी आमची सोलकढी बाजारच्या आगळाची. रात्री एक वाजेपर्यंत स्पीकर, पहाटे चाकाच्या बॅगा चिऱ्यांवरनं गडगड गडगड, आणि जाताना वर "काय पीसफुल आहे हो इथं, तुम्ही किती लकी."

ठाण्याचा एक मावसभाऊ आहे माझा. गेल्या वर्षी बार्सिलोनाला जाऊन आला. हॉटेलात नाही उतरला, अपार्टमेंट घेतलं आठवड्यासाठी, कारण "हॉटेलात काय कळतं रे, लोकल होऊन राहायचं." बाजारातनं टोमॅटो आणतानाचा फोटो, बाल्कनीत कॉफीचा फोटो. हा ठाण्यात कधी टोमॅटो आणत नाही, वहिनी आणते. त्याची एकच तक्रार होती. जिन्यात रोज एक म्हातारी भेटायची, हा हसून 'ओला' म्हणायचा, म्हणजे त्यांचा नमस्कार, ती तोंड फिरवायची. "माणसं जरा खडूस आहेत तिथली."

ती म्हातारी मी न बघता ओळखली. तिच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये कधीतरी कोणी राहत असणार. साखर मागायला जाता येईल असं कोणी. आता दर सोमवारी नवा ओला.

मग रात्री बसून मी वाचून काढलं. त्या शहराच्या महापौरांनी जून २०२४ मध्ये जाहीर केलंय की पर्यटकांना द्यायच्या फ्लॅटचे परवाने पुढं चालू ठेवायचे नाहीत. असे १०,१०१ फ्लॅट आहेत, ते नोव्हेंबर २०२८ पर्यंत बंद. दहा वर्षांत घरभाडी ६८ टक्क्यांनी वाढली, हे त्यांनी दिलेलं कारण. अॅमस्टरडॅमात राहतं घर वर्षाला ३० रात्रींपेक्षा जास्त पावण्यांना देता येत नाही. न्यूयॉर्कात सप्टेंबर २०२३ पासून नियम कडक झाले, महिन्याच्या आतला पावणा ठेवायचा तर मालकानं स्वतः त्याच घरात राहायचं, आणि पावणे दोनच. म्हणजे ही फक्त माझी रड नाही. तिथल्या माणसांनी ती सरकारच्या कानावर तरी घातली. जुलै २०२४ मध्ये बार्सिलोनात मोर्चा निघाला, तेव्हा काही जणांनी हॉटेलाबाहेर बसलेल्या पर्यटकांवर पिचकारीनं पाणी उडवलं. मावसभावाला ते फार लागलं होतं. "आपण पैसे देतो ना यार?"

पिचकारी! अरे, आम्हाला शिमगा शिकवायला बार्सिलोनातनं माणसं आणायची वेळ आली. आमच्या पालखीपुढं पोस्त मागणारी आणि नको नको त्या शिव्या घालणारी पोरं सगळी चादरी बदलायच्या कामाला.

आमच्याकडं सरकार काय करतंय म्हणाल, तर १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला. तेव्हा मी शाळेत होतो, सगळ्यांना आनंद झाला होता, मलाही. सुरुवातीला खरंच बरं चाललं होतं. न्याहारी-निवास म्हणजे घरची ओटी किंवा एखादी खोली, पावणा तिथं, घरची माणसं आत, सकाळी घावणे आणि चहा. त्यात पैसाही होता आणि घरात माणूसही होता. आता घर आहे, घावणे आहेत, फक्त घरची माणसं अडचण झालीत.

आम्हाला कट्टा गावात खोल्या मिळाल्यात. मुलीची शाळा मालवणातच ठेवतोय, चौथीच्या मध्यावर कुठं हलवणार. तिला सकाळची एसटी धरावी लागेल. एसटी वेळेवर येणार नाही, आणि बाई रोज वहीत लिहून देतील. गॅसचा पत्ता परत बदलायचा. आधारवरचा मी आता बदलतच नाही, त्यावर आचऱ्याचं घर आहे, छप्पर नसलेलं. सरकारच्या लेखी मी तिथं राहतो.

काल संध्याकाळी आबा परत आले. वीस हजार डिपॉझिटातले पाच रंगाचे कापले. चार महिन्यांत आम्ही भिंत काय चाटली? ते राहू दे. जाताना स्वयंपाकघरात डोकावले. आई आडाळीवर, म्हणजे विळीवर, बसून नारळ खवत होती. आबा जरा घुटमळले, मग म्हणाले, "वैनी, ती आडाळी आसांदे हयसरच. पावण्यांका बरी वाटता, फोटो काढतत. पाश्शे रुपये देतंय." आई काही बोलली नाही. आबांना धीर आला. म्हणाले, सीझनला सकाळचे घावणे घालायला याल काय, दिवसाला दोनशे देईन, वरनं नऊवारी नेसलात तर आणखी बरं.

आईनं खवलेलं खोबरं ताटलीत झाडलं, आडाळी उभी केली, पातं पदरानं पुसलं. मग ती आबांना जे म्हणाली ते अस्सल मालवणी होतं आणि इथं लिहिता येत नाही. आबा चप्पल उलटी घालून गेले.

आडाळी जुन्या पेपरात गुंडाळून साबणाच्या खोक्यात भरलीय. मुलीनं वर स्केचपेननं लिहिलंय, 'आजीची, हात लावू नये.'