‘भंगारवाला’ म्हणण्याआधी

तुमची प्रतिक्रिया वाचली. जुन्या रॅले या इंग्लिश सायकलची जुळवणी करताना कुठला भाग कुठल्या दर्जाचा घ्यावा, एवढाच माझ्या लेखाचा विषय होता. त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘ओरिजिनल इंग्लिश माल परवडत नसेल तर सायकल म्युझियमला द्या, लुधियानाचे पार्ट लावणारा हौशी नव्हे, भंगारवाला.’ मतभेद मी समजू शकतो. पण ओळखदेख नसताना चारचौघांत असं बोलायची ही कुठली रीत? माझे कितीतरी दुर्मिळ भाग भंगारवाल्यांनीच जपून ठेवले म्हणून मिळाले. त्यांच्याबद्दल हा सूर मी ऐकून घेणार नाही.

फोटोतल्या नव्या हँडलचं क्रोम पातळ दिसतं, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. मान्य.

आता ‘ओरिजिनल’चं. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. वडील रोज रॅलेवर कामाला जायचे आणि ओव्हरहॉलिंगच्या दिवशी ताटलीत रॉकेल ओतून छर्रे धुवायचं काम माझ्याकडे असायचं. त्यामुळे ओरिजिनल काय असतं ते मला नव्याने शिकवू नका.

लेखातली सायकल तीच. तिच्या बॉटम ब्रॅकेटचे, म्हणजे पेडलचा अॅक्सल ज्यात फिरतो त्या भागाचे, मूळ कप काढले, तर छर्रे फिरतात त्या वाटेवर खड्डे पडलेले. नख फिरवलं तर अडत होतं. रॅलेच्या इंग्लंडमधल्या कारखान्याचा, नॉटिंगहॅमचाच माल, शंभर टक्के अस्सल. तो परत बसवू? त्यात नवे छर्रे टाकले तरी तेही लवकरच खराब होणार, हे कुठलाही मिस्त्री सांगेल. बरं, नवा कप म्हणजे दिसेल तो उचलला असंही होत नाही. रॅलेचे आटे स्वतःचे, इंचाला 26. बीएसए या सर्रास चालणाऱ्या मापाचा कप इंचाला 24 आट्यांचा. तो थोडा फिरतो आणि अडकतो. तिथे पाना लावून जोर केला की फ्रेमचेच आटे गेले. म्हणून मी आधी आटे मोजतो, मग वाट गुळगुळीत आहे का ते बघतो. दोन्ही जमलं तर शिक्का कुठल्या गावाचा, याने मला काही फरक पडत नाही.

आणि जिथे काटकसर करायची नाही, तेही मी स्पष्ट लिहिलं होतं. कॉटर पिन, म्हणजे पेडलचा दांडा अॅक्सलला पक्का धरणारी पिन, 9.5 मिलिमीटरची, चांगल्या पोलादाची, सपाट बाजू कानशीने घासून अॅक्सलला पूर्ण टेकवलेली. मऊ पिन लवकर चेपते आणि पेडल मारताना टक्-टक् सुरू होते. हा परिच्छेद तुम्ही वाचलेला दिसत नाही. ब्रेकच्या रबरांचंही तेच. जुनी रबरं लाकडासारखी कडक झालेली असतात आणि पावसात ओल्या स्टीलच्या रिमवर ब्रेक आधीच कमी लागतो. माझी मुलगी या सायकलवर पावसाळ्यात क्लासला जाते. तिच्या ब्रेकला मी अस्सलपणापायी जुनं रबर लावणार नाही, तुम्ही काहीही म्हणा.

सीट, रंग, स्टिकर यांवर तुम्ही जे लिहिलंत तो तुमच्या आवडीचा भाग. त्यात मी पडत नाही.

पुढच्या वेळी तुमच्या सायकलचा कॉटर काढून त्याच्या सपाट बाजूचा फोटो टाका. मग बोलू.