सवलत वीज तोडल्यावरच का?

नोकरी गेलेल्या माणसाच्या घरात सर्वांत आधी थकते ते विजेचे बिल. वाण्याची उधारी ओळखीवर चालते, तो वहीत लिहून ठेवतो. मुलांची फी शाळेत जाऊन विनंती केल्यावर महिनाभर पुढे ढकलता येते. विजेच्या बिलावर मात्र देय तारीख छापलेली असते आणि ती उलटली की एकूण रकमेवर 1.25 टक्के विलंब आकार लागतो, आणि पुढे थकबाकीवर व्याजही सुरू होते. खेड-चिपळूण पट्ट्यातील एका कारखान्यातील माझी नोकरी गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून ही थकबाकी सांभाळताना जे कळले, ते माझ्यासारख्या घरांच्या उपयोगी पडावे म्हणून आणि एक मागणी जाहीरपणे मांडावी म्हणून हे लिहीत आहे.

आपल्याकडे बेकारी भत्ता मिळतच नाही असा अनेकांचा समज आहे. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 1 जुलै 2018 पासून सुरू आहे आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवण्यात आली आहे. पगारातून विम्याची वर्गणी जात असलेल्या कामगाराची नोकरी गेली, तर वर्गणीच्या अटी पूर्ण होत असल्यास त्याला आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त 90 दिवसांसाठी, सरासरी दैनिक वेतनाच्या निम्मी रक्कम मिळते. सुरुवातीला हे प्रमाण 25 टक्के होते. 2020 मध्ये ते 50 टक्के करण्यात आले आणि दावा करण्यापूर्वी थांबण्याचा काळ 90 दिवसांवरून 30 दिवसांवर आणला गेला. तो निर्णय अतिशय योग्य होता. मात्र गैरवर्तनामुळे काढलेल्या किंवा स्वेच्छेने काम सोडलेल्या कामगाराला हा लाभ मिळत नाही, म्हणून हिशेब चुकता करताना पुढे केलेल्या कागदावर 'स्वखुशीने' असे लिहिले आहे का, हे वाचल्याशिवाय कोणीही सही करू नये.

आता हिशेब पाहा. महिना 18 हजार रुपये पगार असलेल्याला महिन्याकाठी सुमारे 9 हजार, म्हणजे तीन महिन्यांचे मिळून 27 हजार रुपये मिळतात. विमा योजनेची वेतनमर्यादाच 21 हजार असल्यामुळे यापेक्षा फार मोठी रक्कम कोणाच्याही हाती येत नाही. शिवाय ते पैसे पगारासारखे ठरलेल्या तारखेला येत नाहीत. पहिला महिना तर थांबण्यातच जातो, आणि दावा मंजूर होऊन रक्कम खात्यात येईपर्यंत विजेची आणखी बिले घरी आलेली असतात. भत्ता हाती पडतो तेव्हा त्यावर वाण्याचा, दवाखान्याचा आणि गॅस सिलेंडरचा हक्क आधीच लागलेला असतो.

बिल कमी करण्यालाही मर्यादा आहे. एकही युनिट जळले नाही तरी स्थिर आकार भरावाच लागतो, आणि घरगुती बिलात 16 टक्के वीज शुल्क असते. आमच्याकडे विहिरीचे पाणी पंपाने चढवावे लागते. तो बंद ठेवला तर मे महिन्यात आईला कळशीने पाणी ओढावे लागेल, आणि ते मी होऊ देणार नाही. वाचवण्यासारखी जागा एकच सापडली. पहिल्या 100 युनिटनंतरच्या टप्प्याचा दर पहिल्या टप्प्याच्या दुपटीहून अधिक आहे, त्यामुळे शंभराच्या वरची दहा-पंधरा युनिटे वाचली तरी बिलात फरक दिसतो. आई दर रविवारी मीटरवरचा आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने लिहिते. आकडा फार पुढे गेलेला दिसला की इस्त्री बंद होते आणि आंघोळीचे पाणी मागीलदारच्या चुलीवर तापते. पावसाळ्यापूर्वी लाकूडफाट्याची बेगमी केलेली असल्यामुळे हे जमते. तयार सदनिकेत राहणाऱ्या कामगाराला हा मार्गही नाही.

थकबाकी झाली की लोक लाजेने कार्यालयात जाणे टाळतात, त्यांना मी कळकळीने सांगतो की जावे, आणि लेखी अर्ज घेऊन जावे. विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 56 नुसार पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीसाठी वीज तोडता येत नाही. बिलाच्या रकमेबद्दलच वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीनुसार येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरल्यास वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा चालू ठेवावा लागतो. त्यापुढे ग्राहक तक्रार निवारण मंच आहे आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत. मला हप्ते पाडून मिळाले, पण ते एका अधिकाऱ्याच्या समजूतदारपणामुळे मिळाले, आणि प्रत्येकाला तसा अधिकारी भेटेलच असे नाही. 'आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या क्रमांकावर फोन करा' अशा संदेशांपासूनही सावध राहावे. थकबाकीच्या धास्तीत असलेला माणूस अशा फसवणुकीला चटकन बळी पडतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. महावितरणने 2024 मध्ये अभय योजना आणली. तिच्यात मूळ थकबाकी भरणाऱ्यांचे व्याज आणि विलंब आकार माफ होता, आणि 30 टक्के रक्कम भरून उरलेली सहा हप्त्यांत देण्याची सोय होती. 2022 मध्येही विलासराव देशमुख यांच्या नावाने अशीच योजना आली होती. दोन्ही योजना ज्यांचा पुरवठा कायमस्वरूपी खंडित झाला होता त्यांच्यासाठी होत्या. म्हणजे ज्याचे मीटर गेले त्याला व्याजमाफीही मिळते आणि हप्तेही मिळतात. जो पोटाला चिमटा काढून दर महिन्याला थोडेफार भरत राहतो आणि जोडणी टिकवतो, त्याला विलंब आकार आणि व्याज भरावे लागते. हे मला सर्वथा अन्यायाचे वाटते. वीज तोडून थकबाकी वसूल होत असती, तर नंतर माफीची योजना आणण्याची वेळच आली नसती. जी सवलत शेवटी द्यावीच लागते, ती माणूस अंधारात जाण्याआधी देण्यात कंपनीचेही नुकसान नाही, कारण चालू ग्राहक पुढची बिले भरत राहतो.

माझी मागणी साधी आहे. विमा महामंडळाकडे बेकारी भत्त्याचा दावा दाखल केल्याची पोच हा पुरावा धरावा. दावा दाखल झाल्यापासून भत्ता संपल्यानंतरच्या तीन महिन्यांपर्यंत, ग्राहक चालू बिल भरत असेल तर जुन्या थकबाकीसाठी त्याची वीज तोडू नये, आणि ती थकबाकी विलंब आकाराशिवाय सहा हप्त्यांत घ्यावी. हा हक्क नियमात लिहिलेला असावा, म्हणजे कोणा साहेबाची मर्जी सांभाळावी लागणार नाही. विमा योजनेबाहेरचा कामगार यात कसा आणायचा, हा प्रश्न अधिक अवघड आहे. 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीत हात रिकामे असलेला खलाशी किंवा आंबा संपल्यावर घरी बसलेला बागेतला गडी यांच्याकडे कोणत्याही दाव्याची पोच नसते. त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीचा दाखला पुरेसा मानावा, असे माझे मत आहे.

वीजदराच्या प्रस्तावांवर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग नागरिकांच्या सूचना आणि हरकती मागवतो, जाहीर सुनावणीही घेतो. पुढील वेळी ही मागणी तेथे लेखी मांडण्यासाठी मी मसुदा तयार करत आहे. ज्यांच्याकडे भत्ता मंजूर झाल्याचा कागद आणि त्याच काळात आलेली थकबाकीची नोटीस असे दोन्ही असेल, त्यांनी त्यांच्या प्रती जपून ठेवाव्यात आणि मला खासगी संदेशाने कळवावे. ग्राहक क्रमांक आणि बँकेचा तपशील मात्र येथे उघडपणे लिहू नये.